परसातली वाट

(मुलांनो, डोळ्यांसमोर आणा: किन्हवलीजवळचं एक कौलारू घर. ते विकायला काढलंय. ओटीवर अनंता आजोबा आणि त्यांची दहा वर्षांची नात हर्षाली. तिच्या हातात खरेदीखताचा कच्चा मसुदा. घर घेणारे रविंद्रकाका कल्याणहून निघालेत.)

हर्षाली: एकदा वाचलं की! परत कशाला?

आजोबा: घर इकताना कागद दोनदा वाचायचा. दुसऱ्यांदा जाग्यावर उभं राहून. चतुःसीमा वाच. पूर्वेस?

हर्षाली: ग्रामपंचायतीचा रस्ता.

आजोबा: दिसतो?

हर्षाली: दिसतो. त्यावर ट्रॅक्टर पण उभा आहे.

आजोबा: तो नाय लिवायचा. उद्या हलंल. फुडं?

हर्षाली: दक्षिणेस भगीरथ गोजर यांचं शेत. उत्तरेस ओढा. पश्चिमेस सकुबाईंचं घर. झालं.

आजोबा: झालं?

हर्षाली: ...आजोबा, पूजाची वाट कुठाय?

आजोबा: कंची गो?

हर्षाली: आपल्या परसातली. सकुआजी नि तिची नात पूजा तिथूनच रस्त्यावर जातात ना!

आजोबा: कागदात हाय का?

हर्षाली: नाय.

आजोबा: बघ. तुझ्या बापानं घरपट्टी बघितली, पंचायतीच्या नोंदीतलं नाव बघितलं, मोजणीचा नकाशा काढला. वाट सुटली. रोज पायाखाली ना, म्हणून कोणाला दिसली नाय.

हर्षाली: नाय लिवली तर?

आजोबा: नवा मालक कंपाउंड घालंल. सकुबाईला ओढ्यातून वळसा. पावसात तर तो पण नाय.

हर्षाली: आणि मी पूजाकडं कशी येणार? दिवाळीत येईन म्हणून शपथ घातलीय तिनं मला.

आजोबा: तेच तर.

हर्षाली: काकांना आत्ता सांगितलं तर ते घर घेणार नाहीत?

आजोबा: कदाचित नाय घ्यायचे.

हर्षाली: मग सांगूच! घर आपलंच राहील.

आजोबा: राहील. मग शहरात घर नाय, नि तुझा बाप पण पहाटे कामाला आसनगाव टेसनाची वाट धरत राहील. आठवडाभर तुला झोपलेलीच बघतो तो.

हर्षाली: मग नको सांगायला?

आजोबा: सांगायचं. खोट असंल ती इकणाऱ्यानं आधी दाखवायची. मागनं कळली तर भांडण, नि ते सकुबाईच्या दारात. आले बघ. तूच सांग.

रविंद्र: नमस्कार काका! कागद तयार? मग आजच फायनल करू.

हर्षाली: काका, त्यात एक वाट राहिलीय. ही, परसातली. मागच्या घराला दुसरी वाट नाय.

रविंद्र: म्हणजे लोक माझ्या अंगणातून येणार-जाणार? काका, हे आधी बोलला नाहीत तुम्ही.

आजोबा: चुकलं आमचं. म्हणून सहीच्या आधी सांगतो. नको असंल तर मोकळ्या मनानं नाय म्हणा.

रविंद्र: नाही कसं म्हणू? जागा आईला आवडलीय. पण ती इथे दिवसभर एकटी असणार. म्हणून तर मला चारी बाजूंनी कंपाउंड हवंय.

हर्षाली: एकटी? मग वाट बंद केली तर त्यांच्याकडं येणार कोण? सकुआजी आजोबांकडं रोज येते. चुना मागायला.

आजोबा: दिवसातनं दोनदा. डबी तिच्या कनवटीला असते तरी.

रविंद्र: बरं. पण नुसतं 'वाट' लिहून भागणार नाही. ये-जा करण्याचा हक्क लिहू, आणि मापही. किती रुंद आहे?

हर्षाली: दोघी जणी हात धरून जातील एवढी.

रविंद्र: फुटांत सांग, बाळा.

आजोबा: टेप त्या खिडकीत हाय, घ्या. चला परसात.

हर्षाली: पूजाऽऽ! बाहेर ये गो! इथं, माझ्या बाजूला. हात धर.

रविंद्र: हं, अशाच थांबा. सव्वातीन फूट.

हर्षाली: थांबा काका, लिवू नका. पूजा, जरा सरक गो. अजून... अजून थोडी. मोठ्या झाल्यावर पण मावायला पायजे.