पायगुण

माझी भाची हिंगोलीच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकलेली. साखरा गावी लग्न होऊन आठच दिवस झाले आन् तिचा सासरा अटॅकनं गेला. मी भेटायला गेले तर सासू चारचौघींत म्हणून राहिली, "हिचाच पायगुण! हिचं अंथरूण गोठ्यात टाका."

पोरगी रडतच सासूला बोलली, "आत्याबाई, जुन्या काळी एका विलायती माणसानं लिवलंय. एकामागून एक झालेलं दिसतं, पण एकामुळं दुसरं झालं हे कुणालाच दिसत न्हाई. ती आपल्या मनाची सवय."

सासू म्हणली, "त्याचं कुंकू पुसलं व्हतं का?"

मी तडकले. "विहीणबाई, तुमी या घरात आल्या तवा कोण मेलं?"

"धाकटा दीर. वर्षभर गोठ्यातच निजले मी."

मला वाटलं, आता बाई नरमली.

तर म्हणते कशी, "मला कुणी सोडलं व्हतं?"