गुडघ्यावरचे डाग

दातांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो. शेजारी सुजल्या गालाचे एक आजोबा पेपर वाचत होते. त्यांच्या पलीकडे एक गृहस्थ होते, त्यांचा धंदा बोलण्यातूनच कळला.

"सात सामने, सहा पराभव! आणि सातवा?"

"पावसाने वाचवला, आजोबा."

"म्हणजे यंदाचा आपला सर्वोत्तम खेळाडू पाऊसच. आणि कर्णधार म्हणतो, मुलांनी जिवाचं रान केलं!"

"रान? अहो, आपल्या राज्याच्या संघाचे कपडे माझ्याच लाँड्रीत येतात. यंदा साबणाची काय बचत झाली म्हणून सांगू!"

"ती कशी काय?"

"पँट आली तशीच घडी घालून परत पाठवावी. गुडघ्यावर गवताचा एक डाग नाही. चेंडू अडवायला कोणी खाली पडलं तर ना!"

"कसं पडणार? तुमची इस्त्री मोडली असती."

"एकाचे कपडे मात्र दर वेळी मळलेले. बारावा खेळाडू. बदली म्हणून तासभर मैदानात उतरला, तरी कोपरापर्यंत हिरवा होऊन यायचा."

"मग पुढच्या मोसमात घेतील त्याला."

"काढलाय. काल मॅनेजर स्वतः त्याची पँट घेऊन आले. म्हणाले, बेशिस्त आहे, संघाचा गणवेश नीट ठेवत नाही. आता ती नव्या मुलाला द्यायचीय, डाग अजिबात दिसता कामा नयेत."

"मग? निघाले का?"

"निघाले असते. मी फक्त इस्त्री करून दिली."