झाडूची जागा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपले विभागप्रमुख, व्यासपीठावरील मान्यवर, जिवावर येत असूनही ज्यांना आज निरोप द्यायचा आहे त्या आपल्या मॅडम, माझे सहकारी आणि वास्तुकलेच्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

मला थोडक्यात बोलायला सांगितलं आहे. सांगणाऱ्याला माझी सवय नसावी.

मॅडम आपल्याकडे ‘घर आणि वस्ती’ हा ऐच्छिक विषय शिकवत आल्या. विद्यार्थी त्यांना पाठीमागे ‘झाडूबाई’ म्हणतात. दचकू नका, त्यांना ठाऊक आहे. बघा, हसताहेत! कोणताही नकाशा समोर आला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: “छान. झाडू कुठे ठेवायचा?”

एकदा वर्गातल्या सर्वांत हुशार मुलीने मोठी वसाहत काढून आणली. गच्चीवर बाग, जिन्यात उजेड, सगळं देखणं. मॅडमनी एका घरावर बोट ठेवलं.

“झाडू?”

“दारामागे, मॅडम.”

“दार कुठे उघडतं?”

“बाहेर.”

“मग दारामागे म्हणजे शेजारणीच्या उंबऱ्यावर की गं! भांडण तूच मिटवणार का?”

वर्ग हसला. तीही हसली, आणि सगळ्या घरांची दारं पुन्हा काढायला बसली.

मित्रहो, हा विनोद म्हणून सोडून देऊ नका. मी तुम्हाला खांब आणि तुळया शिकवतो. इमारत कशी उभी राहते ते मला कळतं. पण त्या इमारतीत सकाळी कुणीतरी केर काढतं, ओले कपडे वाळत घालतं, आजारी आईला धरून न्हाणीघरात नेतं. हे आपण कुठे शिकवतो? फक्त या एका विषयात. आणि नेमका तोच ऐच्छिक!

मॅडमनंतर शिकवायला कुणी नाही, म्हणून हा विषय बंद करायचं घाटत होतं. मी बैठकीत टेबलावर मूठ आपटली. म्हणालो, “सक्तीचा करा!” कपातला चहा बशीत आला. मॅडमनी शांतपणे बशी पुसली.

“नको हो, भाऊ. सक्ती केली की मुलं झाडूची जागा पाठ करतील आणि परीक्षेनंतर विसरतील. ज्याला मनापासून यावंसं वाटतं, त्यानेच यावं.” मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, “शिकवणाऱ्यालाही हेच लागू आहे.”

त्या दिवसापासून ती नजर माझी पाठ सोडत नाही. घरी मी दारं उघडून-मिटून बघतो. बायको विचारते, “अहो, काही हरवलंय का?”

तेव्हा अध्यक्ष महाराज, भर सभेत सांगतो: पुढच्या सत्रापासून ‘घर आणि वस्ती’ मी शिकवणार. माझ्या इच्छेने! मान हलवलीत ना, सर? सभागृह साक्षीला आहे. मॅडम, पहिल्या तासाला मागच्या बाकावर बसा आणि मी चुकलो तर तिथूनच ओरडा.

आयोजकांनी मला बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाला काही लागलं असेल तर पोटात घाला. आणि माझ्या भाषणात केरकचरा राहिलाच असेल, तर तो खुशाल झाडून टाका. हे सभागृह आपल्याच विभागाने, मॅडमना न विचारता बांधलंय, त्यामुळे झाडू माझ्यामागे, या पडद्याआड उभा आहे.