दहा मिली

(मुलांच्या वॉर्डातली नर्स आणि तिचा धाकटा भाऊ, फोनवर.)

ताई: ते सगळं नंतर. आधी एवढंच सांग, आकडा एकाच मुलाचा चुकलाय की सगळ्यांचा?

भाऊ: अगं, पण मी बनवलेला तो डोसचा फॉर्म माझ्याकडे व्यवस्थित चालतोय. आत्ताच उघडून बघितला.

ताई: तुझ्याकडे पेशंट नाहीत. इथे सकाळपासून सात कागद काढले, सातही कागदांवर आकडीचं औषध दहा मिली. चौथ्या कॉटवरचा पैलवान आणि तिसऱ्यावरचं अकरा किलोचं पोर, दोघांना दहा?

भाऊ: वजन बदललं तरी आकडा बदलत नाही?

ताई: ढिम्म. खोडूही देत नाही.

भाऊ: ते कुलूप मीच लावलंय. कुणाचा चुकून हात लागू नये म्हणून. तुमच्या कॉम्प्युटरवर काही बदललंय का?

ताई: काल कॉम्प्युटरवाले येऊन गेले. व्हायरसच्या भीतीने पीडीएफमधल्या स्क्रिप्ट बंद केल्या म्हणे.

भाऊ: मेलो.

ताई: मरू नकोस, मला समजेल असं सांग.

भाऊ: स्क्रिप्ट म्हणजे फॉर्ममधला छोटा प्रोग्रॅम, वजनावरून औषधाचा गुणाकार तोच करतो, ताई. तो बंद केला की तुम्ही वजन काहीही घाला, औषधाचा चौकोन जुनाच आकडा धरून बसतो.

ताई: मग रिकामा का नाही राहिला? रिकामा दिसला असता तर मी हाताने मांडलं असतं.

भाऊ: मी रिकामा करून सेव्ह करायला हवा होता. तपासताना वीस किलो घातले आणि तसाच पाठवला.

ताई: वीसच का?

भाऊ: आपल्या छकुलीचं वजन. तेवढं एकच पाठ होतं.

ताई: म्हणजे सगळेच चुकलेत. बरं झालं, बाकी सहा जणांचं थांबवलंय.

भाऊ: थांबवलंयस ना? मग घाबरू नकोस. दुसरा फॉर्म दहा मिनिटांत पाठवतो, जुना गुपचूप काढून टाक.

ताई: बाकी सहा म्हणाले मी.

भाऊ: ...सातवं?

ताई: तिसरी कॉट. साडेपाच द्यायचं, दहा दिलं. मी दिलं, माझ्या हाताने. पोराला नीट जाग येत नाहीये. डॉक्टर त्याच्याजवळच आहेत, श्वास बघताहेत.

भाऊ: काय म्हणताहेत?

ताई: संध्याकाळपर्यंत नजरेखाली ठेवू म्हणाले. औषधाचा अंमल उतरेल म्हणाले. पण त्यांचा चेहरा मी बारा वर्षं बघतेय.

भाऊ: ताई, माझं नाव सांगावं लागेल का?

ताई: सांगितलं. माझंही सांगितलं. बारा वर्षं वहीत गुणाकार करत होते, दोनदा ताळा बघत होते. तुझा फॉर्म आला आणि वही कपाटात गेली. तू थोडंच मला सांगितलं होतंस, डोकं बंद कर म्हणून?

भाऊ: मी येऊ का तिकडे?

ताई: येऊन काय करशील?

भाऊ: काही नाही. पण इथे बसवत नाहीये गं.

ताई: मग ये. आता ठेवते, त्याच्या आईशी बोलायचंय.

भाऊ: तिला अजून माहीत नाही?

ताई: नाही. आठ दिवसांत पोर पहिल्यांदा शांत झोपलंय म्हणून मघाशी माझा हात धरून आभार मानत होती.