कुरणातला ढेकूण

…आवं, पाव्हण्यांच्या गाडीत गवात घालू नको तर काय दगडं घालू? तुमीच सांगा! मिरजेकडनं येस्टीनं येणार, फाट्यापास्नं घरापतुर नुसती खडी, म्हून कुरणातलं ताजं गवात कापून बैलगाडीत हातरलं, वर घोंगडं टाकलं. आन पाव्हणं कोण, तर माझ्या विजयमालाला बघाय आल्यालं! दुष्काळात कुणी आमचा उंबरा चढलं न्हाई, औंदा हे पैलंच स्थळ…

पोरगी पोह्यांच्या बश्या घिऊन आली, आन तुमाला सांगतो, नवऱ्या मुलाची आई बयाबाई, तिच्या पदरावर कायतरी चालतंय! आमचा मध्यस्थ आप्पासो वरडला, "ढेकूण!" आन चिरडला की गड्यानं! वास सुटला… ढेकणाचाच! बयाबाई पांढरीफटक, तिचा मालक दादासो खाली मान घालून बसलेला. मी जाग्यावर गार! पलटणीत गोळ्या डोक्यावरनं गेल्या, पर असा गार न्हवतो पडलो!

म्हटलं, "पाव्हणं, ह्यो घरातला न्हवं, गवातातला! माणसाला शिवत न्हाई!" तवर दुसरा गावला. धरला चिमटीत. "ह्यो बघा, लांबुडका, हिरवट. तोंडाची सुई गवाताच्या तुऱ्यात खुपसतो, रस पितो, दाणं पोचट करतो. मादी काडीला चीर पाडून आत अंडी घालती, ती पुढल्या पावसापतुर तितंच…"

बायको आतनं म्हणती, "आवं, लगीन जमवताय का अंडी उबवताय?"

"आन ढेकणाला पंख कवा बघितलं तुमी? आता उडतोय बघा!" हात उघडला… तर बसूनच! उडंना! मी जाग्यावर गार! मग उजेड पडला, ही मादी! तिचं पंख आखूड, उडायचं काम नराचं! पळत गाडीकडं गेलो, घोंगडं झटाकलं, नर हुडकून आणला, तळहातावर ठिवला… भुर्रर! गेला दाराभायेर!

विजयमाला डोळं पुसाय लागली. म्हटलं, संपलं, गेलं स्थळ!

आन तवर बयाबाईनं मालकाला कोपरानं ढोसलं की हो! "ऐकलं न्हवं? आपल्या घरातला न्हाई त्यो! लुगडं धा येळा झाडून नेसले हुते, तरी म्हटलं आला कसा… माझा तर जीवच गेल्ता!"

मी जाग्यावर गार!!

सुपारी फुटली तितंच, मी तरी न्हाई कसं म्हणणार? गवात खाणाऱ्याची वकिली करता करता पोरगी दिली माणसं खाणाऱ्यांच्या घरात! आता रुखवतात लाडवांच्या शेजारी ढेकणाच्या औषदाची बाटली मांडायची… दुसरं काय!