उरलेली चार याच रीतीने

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आदरणीय काशिराम घरतसर, व्यासपीठावरील कीर्तीताई आणि मैनाकाकू, आपल्या मुलांना घरी शिकवणारे पनवेल-कळंबोलीचे सर्व पालक, आज गोंगाट न करण्याचं कबूल करून आलेली मुलं, आणि जिच्या निरोपासाठी आपण जमलो आहोत त्या झुबेदा मुकादम, म्हणजे माझी आई, सर्वांना नमस्कार आणि सलाम.

मी जास्मीन. न्हावा शेव्याला कंटेनर तोलणाऱ्या यंत्रांची अचूकता तपासते. शेवटी मला एक विनंती करायची आहे, तिच्यासाठीच मी उभी आहे. प्रास्ताविक मला जमत नाही, म्हणून घडलं ते आधी क्रमाने सांगते.

१. सहावीत असताना मला दमा जडला. शाळेची बस रोज ट्रेलरच्या रांगेत अडकायची. डॉक्टरांनी धुळीपासून लांब ठेवायला सांगितलं.
२. अम्मीने मला शाळेतून काढलं आणि रोडपालीच्या घरी स्वतः शिकवलं.
३. आठवीचा अभ्यास संपल्यावर मी एका शाळेत नववीच्या प्रवेशाची परीक्षा दिली. नापास झाले.
४. महिन्याने तीच परीक्षा पुन्हा दिली. पास झाले.
५. त्यानंतर आमच्या घरी इतरांची मुलंही शिकायला येऊ लागली. तो वर्ग अम्मी आज कीर्तीताईंच्या हाती सोपवत आहे.

अहवाल इथे संपतो. पण अध्यक्षांनी वेळ दिला आहे, तेव्हा मधल्या मुद्द्यांबद्दल थोडं बोलते.

मैनाकाकू, आपण आमच्या शेजारी. पहिल्याच आठवड्यात आपण दारातून विचारलं होतंत, "झुबेदा, पोर शालंत का नाय जात? लगीन ठरलाय काय?" अम्मी भाकरी थापत म्हणाली, "लग्न नाही हो, अपूर्णांक चाललेत." मग आपण आत येऊन बसलात आणि पापलेटाचे तीन भाग करायचं तिचं उदाहरणच मोडीत काढलंत. "पापलेटाचे सारखे तीन भाग नाय व्हत. डोका कोनाला देशील?" त्या दिवशी आम्ही अपूर्णांक भाकरीवर शिकलो.

इथल्या बहुतेकांना माहीत नसेल, पण अम्मीची स्वतःची शाळा सातवीला संपली. उरणजवळच्या तिच्या गावात शाळा तेवढीच होती. म्हणजे सहावी-सातवी तिने मला शिकवली, आणि आठवी आम्ही दोघी पहिल्यांदाच शिकलो. धडा आधी ती वाचायची, मग मी, आणि मग तो मी तिला समजावून सांगायचा. पटलं नाही तर ती नुसती मान हलवायची. पटलं की "समजलं, ऊठ" म्हणून भात टाकायला जायची. समजलेलं गणित आमच्याकडे पुन्हा कोणी सोडवत नसे.

शिकण्याची ही रीत चांगली आहे, असं माझं आजही मत आहे. पण परीक्षेच्या हॉलमध्ये या रीतीचं काय झालं? तिसऱ्या प्रश्नात पाच समीकरणं होती. मी पहिलं सोडवलं आणि खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'उरलेली चार याच रीतीने सुटतात.' पुढच्या प्रश्नांनाही तेच केलं. वेळेच्या बऱ्याच आधी बाहेर आले.

शाळेने सांगितलं, मुलीला पुन्हा सातवीत बसवा. कुवेतहून अब्बांचा फोन आला. "झुबेदा, बच्ची हुशार होती. तू तिला कुठे आणून ठेवलंस?"

अम्मी म्हणाली, "तिला सगळं येतं. सगळं लिहून दाखवायचं असतं, तेवढं शिकवायचं राहिलं."

शाळेकडून तिने पुन्हा परीक्षा घ्यायचं कबूल करून घेतलं. भिंतीवरचं घड्याळ काढून ओट्यावर टेकवलं. जुन्या प्रश्नपत्रिका आणल्या, प्रत्येकीच्या दोन प्रती. मी विचारलं, दुसरी कोणासाठी? "माझ्यासाठी. एकटीला कंटाळा येईल तुला."

त्या महिन्यात ती माझ्यासमोर पूर्ण वेळ बसून पेपर लिहायची. पाचही समीकरणं सोडवायची. तिचे पेपर मी तपासायचे, आणि मी तेव्हाही कडकच तपासायचे. ती पास होत होती.

पुढे मी नववीत गेले. तिच्यासमोर समृद्धी येऊन बसली, रय्यान आला, त्यांच्या मागून आणखी मुलं आली. आज ती मोकळी होते आहे. आता तिने स्वतः काय करायचं, हा विषय मी घरी काढला की ती म्हणते, "आधी जेवून घे." म्हणून मी इथे माईक हातात घेतला. इथलं जेवण माझ्या भाषणानंतर आहे.

अम्मी, आठवीपर्यंतचं सोडवून तू खाली लिहून ठेवलं आहेस, की उरलेलं याच रीतीने सुटतं. सुटतं, हे मला मान्य आहे. पण न लिहिलेल्याचे गुण मिळत नाहीत. दहावीला बाहेरून बसण्यासाठीच्या सतरा नंबरच्या अर्जाची सगळी माहिती मी काढली आहे. सातवीचा दाखला लागेल, तो तुझ्या कपाटात आहे. घड्याळ ओट्यावर मी ठेवीन. पेपरही मी तपासेन, पहिल्यासारखेच.

अध्यक्षांचे, कीर्तीताईंचे, मैनाकाकूंचे आणि दिलेला शब्द पाळणाऱ्या मुलांचे मी आभार मानते. घरातली गोष्ट सभेत आणली, हे कोणाला खटकलं असेल किंवा बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, तर मोठ्या मनाने सोडून द्यावं.

अम्मी, अर्जाची मुदत पुढच्या आठवड्यात संपते. हो किंवा नाही, जे असेल ते मला शुक्रवारपर्यंत सांग.