कुंकवाच्या मशीनची पट्टी

गाव आमचं दिंडोरी तालुक्यातलं, डोंगराच्या कडंला. बाप दुसऱ्याच्या बागंत राबायचा, पाच भावंडांत मी चौथा, शाळेत डोकं चालंना, पण सायकल खोल, पंप खोल, हे मला कुणी शिकवावं नाय लागलं. सतराव्या वर्षी नाशकात आलो, सातपूरला एका वर्कशॉपात लागलो आणि तिथंच फिटर म्हणून म्हातारा झालो. तिथल्या मालकाला नेमबाजीचा लय नाद. त्याच्याकडं काडतुसं भरायचं एक परदेशी हातयंत्र होतं. काय सांगू तुम्हाला, एवढंसं यंत्र, पण डोकं केवढं लावलेलं! वर बंदुकीच्या दारूचं भांडं, त्याच्याखाली सपाट लोखंडी पट्टी, पट्टीला मापाचं भोक. दांडा ओढला की पट्टी सरकायची आणि भोकात मावंल तेवढीच दारू खालच्या काडतुसात पडायची, ना कमी ना जास्त. ती पट्टी मधीच अडकली की मालक मलाच हाक मारायचा.

रिटायर झाल्यावर त्याचीच नक्कल करून मी घरी मशीन बनवलं, कुंकवाच्या पुड्या भरायचं. दारूच्या जागी कुंकू, काडतुसाच्या जागी प्लास्टिकची पुडी. त्र्यंबकला देवळाबाहेर जी दुकानं हायत ना, तिथं आमच्या पुड्या जातात. माझा पोरगा विलास माल पोचवायचा आणि सूनबाई, ज्योती, मशीन चालवायची. लय चांगलं चाललं होतं. मग विलास गेला. छातीत कळ येतीय म्हणाला, तेवढंच, पाणी आणेपर्यंत सुद्धा थांबला नाय. दोन वर्षं झाली त्याला. त्यांना लेकरूबाळ नाय.

ज्योती राहिली आमच्याजवळ. तेराव्यानंतर आपल्या आपण येऊन मशीनवर बसली, कुणी सांगितलं नव्हतं. आता बघा, दिवसभर जगाच्या बायकांसाठी कुंकू भरायचं, कोपरापर्यंत हात लाल, आणि स्वतःचं कपाळ मोकळं. मला बघवायचं नाय ते, खरं सांगतो. टिकली लाव म्हणून मी दोनदा बोललो पण तिनं लावली नाय.

यंदा खंडेनवमी आली. आमच्यात त्या दिवशी हत्यारांची पूजा, पान्हे, हातोड्या, मशीन, सगळं मांडायचं. विलास असताना तो करायचा, तो गेल्यावर मी. यंदा मी म्हणलं, ज्योती, मशीन तू चालवती तर पूजा तुझी. आमची कारभारीण, विलासची आई, पदर खोचून आत निघून गेली, तिला आवडलं नाय. ज्योतीनं मशीनला कुंकवाचं बोट लावलं, झेंडूचं फूल वाहिलं, हात जोडले. बरं वाटलं मला. लय बरं वाटलं.

दसरा झाला, दुसऱ्या दिवशी काम सुरू केलं, चारपाच पुड्या झाल्या आणि पट्टी अडकली. ओढली तर अर्ध्यात थांबायची, पुडीत निम्मंच कुंकू. ज्योतीनं परत परत दांडा ओढला, नाय. कामाला दोन बायका येतात आमच्याकडं, त्यांनी एकमेकींकडं बघितलं. आणि आमची कारभारीण दारातून म्हणाली, मी बोलतच होते, नको त्या हातानं पूजा केल्यावर दुसरं काय होणार. आता ती वाईट बाई नाय हो, पोटचा पोरगा गेलाय तिचा, कुठंतरी राग काढायचा म्हणून निघालं तोंडातून. पण निघालं. ज्योती उठली, हात धुतले, आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाली, बाबा, दादाला फोन केलाय, दुपारून न्यायला येतोय, चार दिवस माहेरी जाऊन येते. मी बॅगेकडं बघितलं तर तिच्यात स्वेटर घातलेला. चार दिवसांसाठी कुणी स्वेटर नेतं का हो, अजून तर थंडी पण पडली नव्हती. ही परत यायची नाय, कळलं मला. पोरगा गेला तेव्हा हातात काही नव्हतं माझ्या, पण हे तर मशीन होतं, माझ्या हातचं मशीन.

बसलो खोलायला. आधी वाटलं बाजूचे नट जास्त आवळले असतील, ढिले केले, पट्टी तशीच. मग म्हणलं कुंकवात खडा आला असंल, सगळं कुंकू फडक्यातून गाळलं, खडा नाय. पूजेच्या अक्षता आत गेल्या का, ते पण बघितलं, नाय. स्प्रिंग बघितली, चांगली होती. शेवटी पट्टी पार बाहेर काढली, उलटी केली आणि अंगठा फिरवला. खाली लालभडक लगदा, गंध उगाळावं तसा चिकट. नाकाजवळ नेला. खोबरेल.

 पूजेच्या आदल्या संध्याकाळी सूनबाई पहिल्यांदा पूजा करणार म्हणून मशीन पुसून लख्ख करायला मीच बसलो होतो, आणि पट्टी चमकावी म्हणून वाटीतलं तेल मीच चोळलं होतं. मीच! जिथं भुकटी तिथं तेल लावायचं नाय, तेलानं भुकटीचा चिखल होतो, हे मालकानं मला वरडून शिकवलेलं, आणि तेच मी कामाच्या बायकांना उठता बसता सांगत आलो. हौसेच्या भरात इसरलो, दुसरं काय.

क्षणभर वाटलं, गुपचूप पुसून टाकावं. खोटं कशाला बोलू, वाटलं तसं. पण आत ती बॅग भरत होती. मग हाक मारली सगळ्यांना, कारभारणीला, दोन्ही बायकांना, ज्योतीला, आणि पट्टी दाखवली. म्हणलं, वास घ्या. हे तेल माझं हाय. पूजेचा काय संबंध नाय, हिच्या हाताचा तर नायच नाय, माझ्या हातानं मशीन बंद पडलं.

ज्योती खाली बघत म्हणाली, मला ठावं होतं बाबा. पहिल्याच पुडीला वास आला होता. आज दुपारी तुम्ही पडलात की जायच्या आधी धुऊन टाकणार होते.

मी म्हणलं, अगं मग बोलली का नाय?

तर म्हणते कशी, तुम्ही पूजेला मला बसवलं, त्याच हौसेनं तेल लावलं असणार. चार बायकांत तुमची चूक कशी काढू? त्यापेक्षा मला बोललेलं चाललं.

  कारभारणीनं माझ्या हातातनं पट्टी घेतली, गरम पाणी आणि साबण लावून घासली, उन्हात ठेवली आणि तिथंच ओट्यावर पदर डोळ्याला लावून बसली. मी पट्टीवर पेन्सिलीचं शिसं घासलं, त्यानं कोरडंच गुळगुळीत होतं. दुपारी ज्योतीचा भाऊ आला, जेवला, आणि एकटाच परत गेला.

आता चाललंय बरं. मी तिला म्हणतो, तुझ्या मनात असंल तर दुसरं लग्न कर, बाप म्हणून मी लावून देतो. तेव्हा हसती नुसती. तिचं भलं व्हावं, जिथं राहील तिथं सुखात राहावी, दुसरं काय मागायचं ह्या वयात. तुम्ही लिहून घेताय ना, मग एक नीट लिहा. तिनं झाकायला बघितलं ते झाकू नका. चूक म्हाताऱ्याची होती, असंच लिहा.